ओला बाक

तिकडं पूर्वेच्या बेटावरच्या कुदुसच्या त्या गल्लीत कास्मुरीच्या सागवानी बाकानं किती बायापुरुषांच्या लुंग्यांची ढुंगणं रंगवली, ते विचारूच नका.

रमजान तोंडावर आला की तिथं घरोघरी सागवान धुतात. केळीची सोपटं, तंबाखू आणि लवंगा रात्रभर गार पाण्यात भिजवायच्या, त्या काळपट पाण्यानं दारं, खांब, बाकं घासून काढायची. कीड फिरकत नाही, लाकूड तेज धरतं. ओल्या बाकावर खूण म्हणून सोपटाचा तुकडा ठेवतात, म्हणजे कुणी बसत नाही. कास्मुरी तो तुकडा हळूच खिडकीआड लपवायचा आणि येईल त्याला म्हणायचा, "या, बसा की!" मशिदीतले झुहदीबाबा एकदा तपकिरी बुडानंच नमाजाला पुढं उभे राहिले. मागची अख्खी रांग ओठ चावत वाकली.

फसली नाही ती फक्त रुकाना, त्याची बायको. बसायच्या आधी बोट टेकवायची, हुंगायची. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," म्हणायची आणि उभ्याउभ्याच चहा प्यायची.

गेल्या रमजानच्या आधी ती गेली.

त्या वर्षी कास्मुरीनं सगळा बाक धुतला, पण डाव्या बाजूची हात टेकायची पट्टी सोडली. तिथं रुकाना एरवी हात ठेवून बसायची. तळव्याच्या तेलानं ती पट्टी काळीभोर, गुळगुळीत झाली होती. ती कशी धुवायची?

चकाकी हळूहळू उतरेल, एवढं त्यालाही कळत होतं. पण ती उतरेना. वाढायलाच लागली. रस्त्यावरची धूळ सगळ्या ओसरीवर बसायची, त्या पट्टीवर मात्र बसत नव्हती.

"मांजर अंग घासत असेल," तो स्वतःशीच म्हणाला. सगळ्या गल्लीला टोप्या घालणारा माणूस, असा सहज थोडाच फसणार? त्यानं मांजर आत कोंडलं, बाकावर तांदळाचं पीठ भुरभुरलं आणि भर दुपारी समोरच्या टपरीवरून बाकावर डोळा ठेवून बसला. ओसरीवर कुणी चढलं नाही. परत येऊन पाहिलं, तर बैठकीवरचं पीठ जसंच्या तसं. पट्टी लख्ख.

"रुका?" तो मोठ्यानं म्हणाला. मग इकडंतिकडं बघून खोकला.

यंदा धुण्याचे दिवस आले तेव्हा मेहुणी तास्मी आली. बाकाखाली पिवळा भुसा पडला होता. तो तिनं बोटावर घेतला.

"कांग, कीड लागलीय. न धुतलेल्या पट्टीतच. सगळा बाक खाईल ती."

"खाऊ दे."

"यूच्या आठवणीपायी यूचाच बाक किड्यांना घालता?" थोरल्या बहिणीला ती 'यू' म्हणायची, तिच्या नवऱ्याला 'कांग'. "सगळ्यांची मस्करी केलीत जन्मभर. आता स्वतःचीच करताय होय?"

तो पायानं भुसा पसरवत राहिला.

"उद्या येते. तिचे कपडे न्यायला. पेटीत नुसते कुजवू नका, कुणाच्या तरी अंगाला लागतील. आणि धुवा ती पट्टी."

दुसऱ्या दिवशी त्यानं पट्टी धुतली. आधी सगळा बाक धुतला, पट्टी शेवटी. फडकं एकदा फिरलं, दोनदा फिरलं. तपकिरी पाणी खाली ठिबकत राहिलं. काळी चकाकी गेली आणि खालून साधं, फिकट लाकूड वर आलं. कुणाचंही असावं तसं.

तो तिथंच उकिडवा बसून रडला. नाक लुंगीला पुसलं. सोपटाचा तुकडा बाकावर ठेवला.

मग काय वाटलं कोण जाणे, तुकडा उचलून खिडकीआड लपवला.

"बस की, रुका," तो म्हणाला. "वाळलाय."

हात धुवायला विहिरीवर गेला. कातडीतला रंग जाईना, म्हणून राखेनं घासत राहिला. परत आला तेव्हा तास्मी अंगणात चपला काढत होती.

बाक ओला, काळसर चमकत होता. डाव्या टोकाला बैठकीवर एक रुंद जागा कोरडी होती.

कास्मुरी तास्मीच्या मागं गेला आणि वाकून बघायला लागला.

"लाज आहे का नाही, कांग? काय बघताय?"

तिची लुंगी स्वच्छ होती.

"तू बसलीस?"

"तुमच्या बाकावर? या दिवसांत? मी काय वेडी आहे?"

त्यानं पट्टीवर हात ठेवला. फिकट, गार. काहीच नव्हतं तिथं.

"किल्ली द्या," तास्मी म्हणाली.

कमरेची किल्ली त्यानं सोडून दिली. पेटीचं कुलूप कुरकुरत उघडलं. वर्षभर ते उघडलंच नव्हतं. कापराचा वास आला. वरची बाटिकची लुंगी रुकानाच्या आवडीची, तिच्याच हातची घडी. तास्मीनं ती उचलून झटकली.

तिचा हात तसाच राहिला.

"कांग..."

बुडाशी मोठा तपकिरी डाग होता. लवंगांचा वास येत होता.

रुका फसेल त्या दिवसाची कास्मुरीनं जन्मभर वाट पाहिली होती. हसायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. बसायच्या आधी तिनं बोट का नाही टेकवलं?

त्यानं डागावर तळवा ठेवला. ओला होता.

आणि कोमट.