फ्यूज कुणाकडे?

चहा पिऊन जागेवर परत आले, तर माझ्या टेबलावर दोन पाय उभे! चपला काढलेल्या होत्या, पायांखाली जुना पेपरही अंथरलेला होता... पण विचारायची काही पद्धत?

"अहो, खाली उतरा! हे टेबल आहे, शिडी नाही."

"शिडी साहेबांच्या खोलीत हाय," वरून आवाज आला. "आणि तुमच्या डोक्यावर शंभरचा बल्ब जळतोय. सरकारला परवडत नाय आता."

"आणि ही नळी परवडते वाटतं?"

"चाळीस वॅटमधे दुप्पट उजेड देते. तुमचा चेहरा तरी नीट दिसंल."

बोलून गेला खरा, पण कान त्याचेच लाल झाले. मी टाइपरायटरमध्ये कागद घातला, तोही उलटा.

हा नागसेन, कळंबचा वायरमन. त्र्याऐंशी साली सरकारी कचेऱ्यांमधले बल्ब काढून ट्यूब लावायचं, जुन्या वायरी बदलायचं काम निघालं होतं. आमच्या कर्जतच्या कचेरीत तो कोंडाजीमामांबरोबर आला. मामा म्हातारे, त्यांनीच त्याला काम शिकवलेलं.

वीज वाचवायचं तर याला वेडच. रिकाम्या खुर्चीवरचा पंखा दिसला की बंद! हेडक्लार्क जेवायला उठले की त्यांचाही. मग मी काय करावं? जेवायला जाताना मुद्दाम माझी ट्यूब चालू ठेवायला लागले.

"बाई, लाइट..."

"अय्या, राहिलाच की!"

"रोज कसा राहतो?"

"रोज कुणीतरी बंद करायला येतं ना, म्हणून."

तो हसायचा आणि बटण दाबून निघून जायचा. बस. तेवढंच.

इकडे घरी, भिसेगावात, आई मागे लागली होती. "विशाखा, रविवारी खोपोलीची मंडळी येतायत. पोरगा बँकेत हाय. नाय म्हणायला काय कारण तरी हाय का गं तुज्याकडं?"

कारण होतं. पण ते कारण वॅटच्या पुढे काही बोलेल तर शपथ! आणि शनिवारी त्याचं आमच्याकडचं काम संपणार, सोमवारपासून तो खालापूरला.

शनिवारी सकाळी आमच्याच खोलीतली जुनी वायर बदलायची होती. नागसेननं व्हरांड्यातल्या बोर्डावरचा चिनीमातीचा फ्यूज काढला, तडक माझ्याकडे आला आणि तो माझ्या हातात ठेवला.

"मी खाली उतरून मागेपर्यंत कुणाला द्यायचा नाय. साहेबांना पण नाय."

"का बरं?"

"वायर माझ्या हातात असणार. कुणी चुकून हा परत बसवला, तर..."

तो शिडी चढला. मी मूठ घट्ट मिटली. हेडक्लार्क घाम पुसत आले, "बाई, पंखा बंद आहे, द्या तो फ्यूज!" मी सरळ नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना नाही म्हटलं.

तेवढ्यात कोंडाजीमामा पक्कड न्यायला आले, आणि माझी मूठ बघून थांबलेच.

"ह्यो तुज्याकडं दिला त्यानं? अगं, काढलेला फ्यूज वायरमन आपल्याच खिशात ठेवतो. सख्ख्या भावाला देत नाय. मला कधी दिला नाय गं! जीव असतो त्याच्यात."

मी मुठीतल्या फ्यूजकडे बघितलं. म्हणजे याला बोलता येत होतं तर... फक्त तोंडानं येत नव्हतं.

दुपारी तो उतरला. केसांत चुना, तोंडभर धूळ.

"द्या."

"नाही देत."

"काम झालं, बाई."

"माझं नाही झालं. उद्या खोपोलीची मंडळी मला बघायला येतायत."

त्याचा हात तसाच राहिला. खोली अंधारलेली, आतून साहेबांच्या हाका, मामा व्हरांड्यात पाठ करून बिडी शोधतायत...

"मला तुमच्यासारखं बोलता येत नाय," तो म्हणाला. "पण हा दुसऱ्याच्या हातात द्यावासा वाटला, तो तुमच्याच."

"हेच माझ्या बाबांसमोर बोलाल?"

"कधी?"

"आज संध्याकाळी. भिसेगावात, विहाराच्या मागचं घर."

"येतो. आता तरी द्या!"

दिला. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. सगळ्या कचेरीला माझा चेहरा नीट दिसला.

संध्याकाळी तो मामांना घेऊन आला. जयभीम झाला, चहा झाला, नागसेननं फ्यूजचं सांगून मागणीही घातली. माझ्या बाबांनी, श्रीपतरावांनी, कप खाली ठेवला. मग म्हणाले, "काम जोखमीचं हाय तुजं. पोरीच्या जिवाला घोर नाय का लागणार?"

"म्हणून तर फ्यूज त्यांच्याकडं ठेवणार," नागसेन म्हणाला.

बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसले. खोपोलीला निरोप त्यांनी स्वतःच धाडायचं ठरवलं.

निघताना नागसेननं सवयीनं ओटीवरचा बल्ब बंद केला. आईनं लगेच पुन्हा लावला.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "मला जावयाला जरा नीट बघू दे."