डावीकडच्या बरण्या

"अहो, थांबा ना... तुमच्या कोपराला माझं लेबल चिकटलंय!"

कुरिअरच्या ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या त्या उंच मुलाने आधी एक कोपर पाहिला, मग दुसरा, आणि मग तिच्याकडे पाहिलं. लेबल सोडवायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला.

"हे तुम्ही खोक्याच्या कडेवर लावणार होतात ना? कडेवर दुमडलं की मशीनला वाचता येत नाही. गोदामवाले माल परत पाठवतात."

"पाठवलाच आहे," ती म्हणाली, आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू डोळ्यांत आलं. तेही अनोळखी माणसासमोर! तिला स्वतःचाच राग आला.

ती आणि तिची आई घरी काचेच्या बरण्यांत सुगंधी मेणबत्त्या ओतायच्या आणि ऑनलाइन विक्रीच्या गोदामाला पाठवायच्या. मेणाच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, घोडं अडायचं ते पॅकिंगपाशी. गोदामाने आता तंबीच दिली होती – आणखी एकदा माल चुकला तर खातं बंद. दूरच्या शहरातल्या दादाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मग मात्र गाशा गुंडाळ आणि आईला घेऊन माझ्याकडे ये."

तो मुलगा गोदामाचीच गाडी चालवायचा. खोकी न्यायला आला तो चहा पिऊन गेला, आणि मग सुट्टीच्या दिवशीही त्याचं काहीतरी काम निघू लागलं. आई त्याला गाडीवाला म्हणायची, तो लेकीला मेणवाली. पॅकिंग शिकवताना मात्र तो मास्तरांच्या वर. फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेली बरणी कमरेच्या उंचीवरून खाली सोडायची, फुटली तर पॅकिंग नापास.

"सोड."

"तूच सोड. मला नाही बघवत."

"मग डोळे मीट."

तिने मिटले. आवाज काही येईना. उघडून बघते तर बरणी त्याच्या हातातच, आणि नजर हिच्यावर.

"सोडली का नाहीस?"

"सोडणारच होतो... राहून गेलं."

"भलताच आहेस!" ती कानापर्यंत लाल झाली. आई आत मुद्दाम खोकली.

शेवटच्या मालाला दोघे दुपारी बसले. बरणीच्या तळाला कारखान्याचा जुना बारकोड असायचा. तो पांढऱ्या पट्टीने झाकायचा, बरणी गुंडाळायची आणि वर स्वतःचं लेबल लावायचं. जुना उघडा राहिला तर मशीन तोच वाचणार, आणि मेणबत्त्या कुणा भलत्याच्या रिकाम्या बरण्या म्हणून जमा होणार. तो समोर बसून तिच्या उजवीकडच्या बरण्या घेत होता, तळ झाकून तिच्या डावीकडे ठेवत होता. ती न बघता डावीकडून उचलून गुंडाळत होती. दोघांचा हात छान बसला होता.

मधेच तो उठला. तिच्या उजवीकडच्या, झाकायच्या राहिलेल्या बरण्या त्याने तिच्या डावीकडे सरकवल्या आणि त्या जागी स्वतः येऊन बसला.

"समोर काय वाईट होतं?"

"इथून बरं दिसतं."

"काय?"

"बरण्या," तो म्हणाला.

त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला... आणि तिने अंग चोरलं नाही. तिला इतकं सुख झालं की भीतीच वाटली. हात मात्र सवयीने डावीकडेच जात राहिला.

खातं बंद झालं. परत आलेली खोकी तोच घेऊन आला. त्यानेच एक गुंडाळी सोडून बरणी उलटी केली, मग दुसरी, मग तिसरी. तळ उघडे होते.

"माझ्या हातात आलेल्या एकूणएक झाकल्या होत्या गं... देवाशपथ!" त्याचा आवाज रडवेला झाला. "माझ्या हातून झालं का हे?"

तिला बरण्या पाहताक्षणीच सगळं कळलं होतं.

"लग्न कर माझ्याशी," तो एकदम म्हणाला. "नको जाऊस."

"आईला एकटीला दादाच्या दारात पाठवू? आणि तू तरी घरी अंथरुणाला खिळलेल्या तुझ्या बाबांना सोडून येशील का माझ्यामागे?"

त्याने हातातली बरणी खाली ठेवली. येऊ शकत नव्हता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. आत आई भांडी कागदात गुंडाळत होती. रडून रडून तीही थकली होती. मेण वितळवायचं पातेलं तिने शेजारणीला देऊन टाकलं होतं.

"निदान एवढं तरी सांग," तो म्हणाला. "चूक माझी होती ना? असेल तर जन्मभर हेच टोचत राहील मला."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. शेजारी येऊन बसला म्हणून सगळं गेलं, हे त्याला कधीही कळता कामा नये.

"तुझी नाही. तू सगळं नीट सांगितलं होतंस. मीच न झाकलेल्या उचलल्या. माझं लक्ष नव्हतं."

"असं कसं? कुठे होतं लक्ष?"

"तुझ्याकडे," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत हे तिने पहिल्यांदाच सांगितलं. मग ती आत गेली आणि आईला सामान बांधू लागली.