हाकारी वाल

भात कापला की उरल्या ओलीवर वाल पेरायचे, हा कोकणातल्या खारेपाटातला रिवाज २०७८ सालीही टिकून होता. वाल मात्र जगभर एकच उरला होता, ‘सुवर्ण’. टपोरा, गोड आणि अळीपुढे अगदी गरीब गाय. जुने कडवे वाल फक्त चांगुणाकाकूंच्या परसात राहिले होते, म्हणूनच डॉ. अन्वया दामले त्यांच्या ओटीवर येऊन बसल्या होत्या.

“काकू, अळी चावली की तुमचा वाल हवेत वास सोडतो. ती त्याची हाक. ती ऐकून शेजारची झाडं पानं कडू करतात, अळी उपाशी मरते. सुवर्णला हाक ऐकू येते, देता येत नाही. बांधाला तुमच्या वालाची एक ओळ लावली तर अख्खं शेत वाचेल.”

“म्हंजे राखणदारच की!” काकू हरखल्या आणि राखेत घोळवलेलं सगळं बियाणं त्यांनी डॉक्टरांच्या पिशवीत ओतलं.

“थोडं घरी ठेवा ना.”

“एका घरचं बी उंदीर खातो, बाय. शेजारी दिलेलं बी बुडत नाही. पहिल्या शेंगांचा वानवळा तेवढा आणून दे.”

पिढ्यान्‌पिढ्या हेच खरं ठरलं होतं. काकूंनी हातचं राखून ठेवलं नाही.

‘हाकारी वाल’ देशोदेशींच्या बांधांवर उभा राहिला. पिकं वाचली, दुष्काळ टळले. वानवळा मात्र आला नाही. तिसऱ्या हिवाळ्यात डॉक्टर आल्या त्या कुंडीतलं एक रोप घेऊन.

“शेंगा?”

“धरत नाहीत, काकू. फुलोऱ्याची सगळी ताकद आम्ही हाकेकडे वळवली. आता हाक दसपट जोरात जाते. रोपं पानाच्या तुकड्यापासून काचेच्या नळीत करतो.”

“आन् माझं बी?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “प्रयोगांत संपलं. मी राखायला हवं होतं.”

“कोटी झाडं केलीस, बाय, आन् बिरड्यापुरता दाणा नाय?”

तरीही काकूंनी रोप परसात लावलं. घरचंच ते, टाकवेना. संध्याकाळपर्यंत अळ्यांनी त्याची चाळण केली. बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलताना घरभर सुटायचा, तोच उग्र वास दसपट होऊन वाडीभर पसरला. शेजारच्या शेतातला सुवर्ण सावध झाला, वाचला.

हा वास म्हणजे काय, हे काकूंना आता माहीत होतं. त्यांना रडू कोसळलं. आणि त्याच वेळी तोंडाला पाणीही सुटलं.