न ऐकू येणारा ‘स’

लक्ष्मीपुरीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मला माइक घ्यायचा होता आणि काउंटर अडवून एक उंचापुरा माणूस उभा होता. बाहेर पावसाची झड लागलेली. छत्रीचं पाणी माझ्याच पायांवर निथळत होतं.

“जरा सरकता का?” तो ढिम्म. पुन्हा म्हटलं, तरी तसाच. शेवटी मी ओरडले, “ओ पावणं, सरका की!”

तो वळला. माझ्या डोळ्यांकडे नाही... ओठांकडे बघत राहिला. मी चक्क लाजले.

“रागवू नका,” तो म्हणाला. “तुमचा आवाज आला. शब्द न्हाई आले.”

असा भेटला अतुल. साल २००२. मी मुरगूडची, कोल्हापुरात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तो चुलत्यांच्या फौंड्रीत ग्राइंडरवर लोखंड घासायचा. त्या कर्कश आवाजानं त्याचे कान अर्धे खाल्ले होते. ट्रक, ढोल, आ-ऊ ऐकू यायचं. स, श, फ अशी बारीक, उंच पट्टीतली अक्षरं मात्र गायब.

“कानातलं यंत्र का नाही घेत?”

“घेतलं हुतं. ते सगळंच मोठं करतंय. जे मेलंय ते मोठं करून जित्तं हुतंय व्हय?”

मी प्रोजेक्टसाठी विषय शोधतच होते. भीतभीत विचारलं, “माझ्या प्रोजेक्टला बसाल? नुसतं ऐकायचंय.”

“तुम्ही बोलणार असाल तर बसतो की!”

पण आधी मला त्याच्या कानांनी ऐकायचं होतं. माझा आवाज कॉम्प्युटरवर घेतला आणि त्याला लो-पास फिल्टर लावला. म्हणजे एक गाळणीच. खालचे सूर जाऊ देते, वरचे अडवते. हेडफोनमध्ये मीच बोलत होते, पण भिंतीपलीकडून बोलावं तशी. ‘सांग’ म्हटलेलं ‘आंग’ ऐकू येत होतं. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी खूप रडले.

मग कामाला लागले. आवाज कॉम्प्युटरला द्यायचा तर सेकंदाला हजारो वेळा त्याचं माप घ्यावं लागतं. त्याला सॅम्पलिंग म्हणतात. माझी मापं विरळ पडली. अशा वेळी उंच आवाज खोटं रूप घेऊन खालच्या सुरात उतरतात.

अतुलनं हेडफोन काढला. “कोण शिट्टी मारतंय मला?”

“मी नाही हं.”

“मग काढून टाका. दुसऱ्या कुणाची नको.”

मी मापं दाट केली. पुढचं काम मॉड्युलेशनचं. ‘स’ला एका स्थिर लहरीनं गुणलं की त्याची दोन रूपं होतात, एक वर चढतं, एक खाली उतरतं. वरचं मी गाळून टाकलं. खालचं त्याच्या कानांना पेलेल अशा पट्टीत आलं. ओठ दिसू नयेत म्हणून त्याच्या पाठीमागे बसले आणि माइकमध्ये म्हटलं, “साखर.”

“आखर... न्हाई. आधी कायतरी घुमलं.”

“तोच ‘स’.”

त्यानं हेडफोन कानांवर घट्ट दाबला. “त्याला आवाज असतोय, ह्येच इसरलो हुतो मी,” म्हणाला. आणि मग हळूच — “परत म्हण.”

त्या दिवसापासून आम्ही ‘अहो’वरून ‘अरे-अगं’वर आलो. सकाळ, सावली, ससा... शब्द ओळखला तरी तो म्हणायचा, “परत एकदा.”

“आलं ना ऐकू?”

“आलं. तरी म्हण.”

एका संध्याकाळी मात्र तो हेडफोन लावून नुसता बसून राहिला.

“राधानगरीकडची मुलगी बघाय जायचंय. चुलत्यांनी कानाचं लपवलंय. म्हणाले, गप हसत बस.”

मी त्याच्या मागे होते. माझे ओठ त्याला दिसत नव्हते. म्हणूनच धीर झाला असावा. पुटपुटले, “मला सोडून जाऊ नकोस...”

माइक चालू होता.

अतुल सावकाश वळला. डोळे भरून आले होते. “दोन्ही ‘स’ आले,” तो म्हणाला.

तो राधानगरीला गेला आणि त्या लोकांना खरं सांगून आला. माझंही नाव त्यानं घरात सांगितलं. चुलत्यांनी बोलणं टाकलं, कामावरूनही काढलं. त्यातच डॉक्टर म्हणाले, उरलेलंही जाईल, हळूहळू.

“तुझं यंत्र टेबलाएवढं,” कळंब्याच्या तळ्याकाठी तो म्हणाला. “आणि काही वर्षांनी त्याचाबी उपेग न्हाई. नीट इचार कर, क्रांती.”

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, घाबरलेही. पण त्याच्याशिवायच्या घराचा विचार केला की जास्त भीती वाटायची.

तो मुरगूडला आला, माझ्या वडलांना भेटायला. दादा बुद्धाच्या तसबिरीखाली बसले होते. खालच्या आवाजात म्हणाले, “आमी बौद्ध. तुझ्या घरात चालंल?”

अतुल पुढं झुकला. “काय म्हणालासा?”

दादांनी पुन्हा विचारलं. दाट मिशांआडचे ओठ त्याला वाचता येईनात. तेव्हा दादा उभे राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “आमी बौद्ध हाय! चालंल का तुझ्या घरात?”

“न्हाई चालणार,” अतुल म्हणाला. “म्हणून घर सोडून आलोय. पर मला बी इचारायचंय. उद्या मला कायच ऐकू येणार न्हाई... ते तुमास्नी चालंल?”

दादा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “जमंल, पोरी?”

“जमंल, दादा.”

अतुलला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. दादा त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याला छातीशी धरलं.