स्टिकरवरचं चौथं

सीताराममामा ही गोष्ट लाईट गेल्याशिवाय सांगत नाहीत. गल्लीतली पोरं ओट्यावर दाटून बसली, की ते विडी विझवतात. "ऐकीव न्हाई बरं का. सत्यशीला माझ्या सख्ख्या भाच्याची बायको." आणि सांगू लागतात.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. एस.टी. बंद. तिचा नवरा नागनाथ परभणीला अडकलेला, आणि गंगाखेडातलं त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान सत्यशीलेच्या गळ्यात. दुकान पुढं, घर मागं. लेकरू तापानं फणफणलेलं, त्यामुळं तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. लेकराला खांद्यावर टाकून ती शटर ओढायला गेली.

खेळायला आलेली पोरं उठेनात. वाद रंगला होता. परग्रहावरच्या प्राण्यांना मारायचा तो गेम. कॅसेटच्या स्टिकरवर प्राणी चार, खेळात मात्र तीनच यायचे. चौथं सगळ्यांत लहान, टक्क उघड्या डोळ्यांचं.

"शेवटाला येतंय ते," एक जण म्हणाला.

"कुठं येतंय? आमी दोनदा संपिवला गेम," दिनकर म्हणाला. "कंपनीनं काढून टाकलंय त्याला. आतमधीच हाय, निस्ती जागा न्हाई."

"जागा न्हाई म्हंजी? झोपतं कुठं मग बिचारं?" सत्यशीलेनं जांभई देत विचारलं.

"वैनी, तुमीच ठिवून घ्या!"

"ठिवते की. एकाला झोका देते, तिथं दोघांला. उठा आता मेल्यांनो!"

पोरं हसत गेली. तिनं टीव्ही बंद केला.

घरात आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी होती. लेकराला तीत घातलं, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि ती बाजेवर पडली. मध्येच लेकरू किरकिरलं. अर्धवट झोपेत तिनं त्याला कुशीत घेतलं, पाजलं. पाय मात्र हलतच राहिला. रिकामी झोळी हलवू नये, सासूनं कितीदा बजावलेलं. पण दमलेल्या पायाला कसलं भान?

जाग आली ती दोरी जड लागली म्हणून.

लेकरू कुशीत होतं. गरम.

मग झोळीत…

तिनं पाय थांबवला. झोळी थांबली. तळाशी काहीतरी गोल. ते वळलं. कूस बदलल्यासारखं.

मग आवाज. टीव्हीवर काही लागलेलं नसताना येतो तसा. खर्र… खर्र…

वाढत चालला.

कुशीतलं लेकरू दचकलं. त्याचा श्वास अडकला.

दोघांला म्हणाली होती ती. झोळी तर एकच…

हाक मारावी, तर कुणाला?

तिनं पाय हलवला.

आवाज थांबला. लेकरानं श्वास घेतला.

जरा थांबली, की पुन्हा… खर्र…

मग ती थांबलीच नाही. उजाडेपर्यंत.

सकाळी लेकराचा ताप उतरला होता. झोळी रिकामी, हलकी. नागनाथ आल्यावर हसला. "जागरणानं भास झाला तुला." ती दुकानात गेली, कॅसेट आणून त्याच्या हातात दिली.

ते लेकरू आता शाळेत जातं. झोळी अजून आढ्याला आहे, आणि रात्री दोरी अंगठ्याला. सत्यशीलेचा तो पाय सुजलेलाच असतो.

मामांनी ती कॅसेट स्वतः हातात घेऊन पाहिलीय. स्टिकरवर प्राणी चारच. तिघांचे डोळे उघडे.

चौथं झोपलेलं.