ही बाजू संपली, पाणी प्या

ही गोष्ट खरी आहे.

मी एरवी थट्टा करत असतो, त्यामुळे माझ्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. एकदा मला ताप आला, तर घरच्यांनी थर्मामीटर बदलून पाहिला. म्हणून आधीच सांगतो, यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

आणखी एक. या गोष्टीत रात्र नाही. कुत्रं रडत नाही, लाइट जात नाही. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन. सार्वजनिक ग्रंथालयाचा दुसरा मजला. खाली वाचनकक्षात चौदा माणसं वर्तमानपत्र वाचत होती, त्यातली दोन झोपली होती.

मला भीती वाटली, हे खरं.

पण त्याहून जास्त राग आला. तो अजून उतरलेला नाही.

मी त्या ग्रंथालयात कंत्राटावर आहे. काम एकच. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी लोकांनी वर्षानुवर्षं पुस्तकं मोठ्याने वाचून कॅसेटवर भरून ठेवली आहेत. त्या कॅसेट मशीनवर लावायच्या आणि कॉम्प्युटरवर घ्यायच्या. जागा म्हणजे जुनी रेकॉर्डिंगची खोली. खोली कसली, कपाट. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, दाराला काच, काचेवर लाल दिवा. दिवा लागला की बाहेर कोणी बोलायचं नाही.

त्यातली एक्केचाळीस पुस्तकं माझ्या आत्याने वाचली आहेत.

लहानपणी दर शनिवारी ती मला सोबत आणायची आणि लाल दिव्याआड जाऊन बसायची. दोन तास. मला एकच नियम होता. कुठेही जा, काहीही उघड, पण आवाज नको. मग मी उघडत सुटलो. फाटक्या पाकिटातल्या तबकड्या, नकाशांचे लांब खण, सिनेमांच्या डिस्क. माझं वय कोणीच विचारलं नाही. नऊ वर्षांचा असताना मी एकाच शनिवारी एक मूकपट पाहिला आणि दातांच्या रोगांवरचं सचित्र पुस्तक वाचलं. दोन्हीतली माणसं तोंड उघडी ठेवून गप्प होती. मला वाटलं, जगात हे असंच असतं.

माझं सगळं बिघडलं ते तिथेच. मी तिचा ऋणी आहे.

आत्या वाचायची ती हजेरी घेतल्यासारखी. खून असो की लग्न, सूर तोच. चुकली तर ती जागा पुसायची नाही. सरळ म्हणायची, "चूक. पुन्हा वाचते." आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी तिची स्वतःची ओळ ठरलेली होती. "ही बाजू संपली. पाणी प्या."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हा काय झालं ते शेवटी सांगतो. टाळता आलं तर टाळतो.

आता स्लाइडसाहेब. हे आमचे नवे व्यवस्थापक. बोलताना हवेत बोट सरकवतात, जणू पुढची स्लाइड यायची आहे. त्यांनी हुकूम काढला, की गुरुवारपर्यंत ज्या कॅसेट कॉम्प्युटरवर येतील त्या आल्या, बाकीच्या रद्दीत. कारण त्या फक्त एकच माणूस नेतो.

तो एक माणूस म्हणजे ऑपरेटरकाका. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. अकरा वर्षांपूर्वी दृष्टी गेली. एकदा ऐकलेला आवाज ते विसरत नाहीत. कॅसेटवर वाचणारी बाई माझी आत्या, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तक्रारी माझ्याकडे आल्या असत्या.

काका तेव्हा एक रहस्यकथा ऐकत होते. बंद खोलीत घड्याळजीचा खून, घरात आठ माणसं, एकूण सात कॅसेट. सहा झाल्या होत्या. सातवी ते मंगळवारी संध्याकाळी न्यायला येणार होते, कारण बुधवारी सकाळी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"टेबलावर आडवा व्हायच्या आधी मला खुनी कळला पाहिजे," ते म्हणाले होते. "मला स्वयंपाकिणीचा संशय आहे. फार गोड बोलते."

"आणि कळला नाही तर?"

"तर भूल देणाऱ्याला विचारीन. त्याच्याकडे वेळ असतो."

ते हसले. त्यांचा हात मात्र काठीवर सारखा सरकत होता.

मंगळवारी दुपारी बारा वाजता मी ती सातवी कॅसेट मशीनमध्ये घातली. नेमके तेव्हाच स्लाइडसाहेब आत आले.

"अजून किती राहिल्यात?"

"एकशे साठ."

"गुरुवार."

"साहेब, एक कॅसेट तिच्या वेळेनेच वाजते. तिला घाई कळत नाही."

"लोक आता सगळं मोबाईलवर ऐकतात."

"ही पुस्तकं मोबाईलवर नाहीत. म्हणून तर मी इथे कपाटात बसलोय."

"तुमचा सूर बरोबर नाही."

"साहेब, तुम्ही शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?"

ते बोट सरकवत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मशीनकडे वळलो आणि रागाच्या भरात बटणावर हात आपटला.

एका बटणावर नाही. दोन बटणांवर. लाल आणि पांढरं, एकदम.

त्या मशीनवर ती दोन एकदम दाबली की जुनं पुसून नवं भरलं जातं. माइक चालू होता. पुढची चाळीस मिनिटं आम्ही भांडलो. ते गेल्यावर माझं लक्ष मशीनमध्ये फिरणाऱ्या चकत्यांकडे गेलं. कॅसेटच्या त्या बाजूवर शेवटचं प्रकरण होतं. आता तिथे 'तुमचा सूर बरोबर नाही' होतं, पुन्हा पुन्हा.

मी छापील पुस्तक शोधायला धावलो. ते होतं त्या फडताळावर आता पुठ्ठ्याची मोठी फ्रेम आहे, फोटो काढायला. त्यावर लिहिलंय, 'मी वाचतो'. पुस्तक मार्चमध्ये रद्दीत गेलं होतं. चार ग्रंथालयांना फोन केले. दोघांनी नाही म्हटलं. दोघांनी नावसुद्धा पूर्ण ऐकून घेतलं नाही.

तीन वाजले. काका सहाला येणार.

मग मी जे केलं ते कोणालाही सुचू नये.

मी आत जाऊन बसलो, दार लावलं, लाल दिवा लावला, हेडफोन घातले, ती बाजू मागे घेऊन पुन्हा तीच दोन बटणं दाबली आणि शेवट स्वतःच रचून सांगायला लागलो. आत्याच्या सुरात. खुनी अर्थात स्वयंपाकीण. माणूस ऑपरेशनला चाललाय, निदान त्याचा अंदाज तरी बरोबर निघू दे.

दहा मिनिटं बरी गेली. सगळे पाहुणे दिवाणखान्यात जमले. इन्स्पेक्टरने घसा साफ केला.

आणि हेडफोनमध्ये…

पान उलटल्याचा आवाज आला.

माझ्यासमोर पुस्तक नव्हतं. कागदाचा कपटाही नव्हता.

मी हेडफोन काढले. काही नाही. पुन्हा घातले…

पान.

माझ्या घड्याळात सव्वातीन झाले होते. काचेबाहेर ऊन पडलं होतं. झाडूवाल्या मावशी कॉरिडॉर पुसत होत्या. त्यांनी दिवा पाहून तोंडावर बोट ठेवलं आणि चवड्यांवर चालत गेल्या. मला हाक मारायची होती. पण दिवा लागलेला असताना बोलायचं नाही, ही लहानपणची सवय.

मग खुर्ची करकरली. माझी खुर्ची प्लास्टिकची आहे. ती करकरत नाही.

घाम फुटला होता. पण काका सहाला येणार होते, म्हणून मी रेटलं. म्हणालो, "इन्स्पेक्टरने बोट रोखलं. खून स्वयंपाकिणीने केला होता."

हेडफोनमध्ये क्षणभर काहीच नव्हतं. माझा श्वाससुद्धा नाही.

आणि मग, कानाच्या अगदी जवळ…

"चूक."

मी दार उघडून कधी बाहेर आलो ते आठवत नाही. मावशींच्या बादलीत माझा एक पाय होता, एवढं आठवतं.

"काय रे?" मावशी म्हणाल्या.

"चूक झाली."

"ती दिसतेच आहे. पाय काढ."

अर्ध्या तासाने धीर करून मी ती कॅसेट ऐकली. सुरुवातीला माझा आवाज. पाहुणे, इन्स्पेक्टर, स्वयंपाकीण. मग तो शब्द. मग, "पुन्हा वाचते."

आणि मग नुसती खरखर. शेवटपर्यंत. मधून मधून, ठरावीक अंतराने, पान उलटल्याचा आवाज. कोणीतरी वाचत होतं.

मला ऐकू येत नव्हतं, इतकंच.

सहाला काका आले. सोबत त्यांची लेक. काकांनी हात पुढे केला.

"काका, या कॅसेटमध्ये जरा…"

"शेवट सांगू नकोस."

"शेवटाचंच बोलतोय. म्हणजे तो…"

"मी तुला आयुष्यभर माफ करणार नाही. ते किती उरलंय माहीत नाही, पण तेवढं नाही करणार."

मी कॅसेट दिली. भित्रा माणूस आहे मी.

बुधवारी सकाळी आठला फोन वाजला. काकांची लेक. आवाज इतका थंड, की मी उठून बसलो.

"तुम्ही लोक कॅसेटमध्ये काय भरून देता?"

"काय झालं?"

"बाबांना रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. पहाटे पाचला त्यांनी ती कॅसेट लावली. मी शेजारीच होते. आधी कोणीतरी मुलगा बडबडत होता, नंतर नुसती खरखर. बाबा खरखर ऐकत हसत होते. कॅसेट थांबली तसे उठले आणि दोन ग्लास पाणी प्यायले. मी म्हटलं, बाबा, हे काय. तर म्हणे, बाईंनी सांगितलं."

"मग ऑपरेशन?"

"पुढच्या बुधवारी. डॉक्टर माझ्यावर ओरडले. मी कोणावर ओरडू?"

"माझ्यावर ओरडा."

ती ओरडली. अगदी पद्धतशीर, मुद्देसूद. मग काकांनी फोन घेतला.

"स्वयंपाकीण नव्हती," ते म्हणाले. आवाजात नुसता आनंद. "मी साफ चुकलो."

"काका, तुम्हाला काय ऐकू आलं?"

"काय म्हणजे? बाईंनी वाचलं. नेहमीसारखं. आधी म्हणाल्या, 'मध्ये आमच्या टवाळाची बडबड आली आहे, तिकडे लक्ष देऊ नका.' हा टवाळ कोण रे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मला टवाळ म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

"खुनी कोण, काका?"

"शेवट सांगायचा नसतो. स्वतः ऐक."

कॅसेट लेकीने त्याच दिवशी आणून टेबलावर आपटली. मी सहा वेळा ऐकली. खरखर. पान. खरखर. पान.

गुरुवारी स्लाइडसाहेब दोन माणसं आणि पोती घेऊन आले. मी दारात आडवा उभा राहिलो. तोंडाला येईल ते बोललो. सूर बरोबर नव्हताच.

"असं आहे तरी काय यात?" त्यांनी हेडफोन ओढून घेतले आणि बटण दाबलं. मशीनमध्ये तीच कॅसेट होती.

एक मिनिट गेलं. त्यांचं बोट हवेत होतं, ते तिथेच थांबलं. दोन मिनिटं. मग त्यांनी हेडफोन हळूच, दोन्ही हातांनी, टेबलावर ठेवले.

"मी शेवटचं पुस्तक नववीत वाचलं," ते म्हणाले. "हे तिला कोणी सांगितलं?"

"कोणाला, साहेब?"

ते जिना उतरले. दोन्ही माणसं रिकामी पोती घेऊन त्यांच्यामागे गेली. त्यानंतर रद्दीचा विषय निघालेला नाही. ते या मजल्यावर येतही नाहीत.

म्हणजे बघा. तिने काकांना वाचून दाखवलं. पुस्तकाशी संबंध नसलेल्या त्या माणसालासुद्धा काहीतरी ऐकवलं. मी सख्खा भाचा. मला खरखर.

याचा मला राग येतो. आणि राग आला की मला ते आठवतं, जे टाळायचं होतं.

शेवटच्या आठवड्यात आत्याला पुस्तक धरवत नव्हतं. हॉस्पिटलमधून तिने मला फोन केला. तिने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. म्हणाली, "टवाळा, येऊन काहीतरी वाचून दाखव. काहीही चालेल." मी म्हटलं, शनिवारी येतो. मला त्या आठवड्यात काही काम नव्हतं. उगाच म्हटलं.

ती गुरुवारी गेली. शनिवारी माझ्याकडे वेळच वेळ होता.

काकांचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी झालं. ते ठीक आहेत, दुसरं पुस्तक ऐकताहेत, डॉक्टरांच्या आवाजाला नावं ठेवताहेत. पाण्याबद्दल आम्ही बोलत नाही.

मी आता दर शनिवारी लाल दिवा लावतो आणि वाचतो. रचून नाही. समोर पुस्तक ठेवून, पहिल्या पानापासून. पहिल्या शनिवारी 'चूक' चार वेळा आलं. दुसऱ्या शनिवारी दोनदा. मी पुन्हा वाचलं.

मागच्या शनिवारी एकदाही आलं नाही.

मी मुद्दाम एक ओळ गाळून पाहिली. काही नाही. पान नाही, खुर्ची नाही. हेडफोनमध्ये इतकी शांतता, की मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. पण ऐकणारं माणूस आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कळतं. तिथे कोणीतरी अगदी गप्प बसून ऐकत होतं.

प्रकरण संपलं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणालो, "ही बाजू संपली. पाणी प्या."

दिवा घालवला. टेबलावर माझा पाण्याचा ग्लास होता. बसताना काठोकाठ भरून आणला होता. वाचायच्या नादात मी त्याला हातही लावला नव्हता…

तो रिकामा होता.

परवा शनिवार आहे. मी दोन ग्लास नेणार आहे.

खुनी कोण, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.