लिफ्ट तयार आहे

ही गोष्ट खरी आहे. मी रचली असती, तर इतकी हलकट रचली नसती.

घडली माझ्या भाचीच्या बाबतीत. सुट्ट्या लागायच्या आदल्या संध्याकाळी, तिच्या कॉलेजच्या नव्या इमारतीत. भाची जन्मापासून अंध. डोकं मात्र असं, की आमच्या डोळसांच्या घराण्यात ते कुठून आलं हे कोडंच आहे.

कॉलेजने अंध मुलांसाठी फोनवर बोलणारी सहायक आणली होती. ‘डावीकडे वळा, पुढे पायरी आहे.’ सूचना देण्याची हौस दांडगी, म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं आत्या.

एकच घोळ झाला होता. आत्याला इमारत शिकवली ती नकाशावरून. नकाशात लिफ्ट होती. इमारतीत लिफ्टची विहीर होती, दार होतं, बटण होतं.

लिफ्ट तेवढी यायची राहिली होती.

दारावर पाटी होती, ‘काम चालू’. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी.

भाची पहिल्या वर्षाला. स्वागताच्या भाषणात लिफ्टचं नाव निघालं, तेव्हा तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या संध्याकाळी मैत्रीण तिला वरच्या ग्रंथालयात सोडून घरी गेली. आणि निरोप आला. तोंडी परीक्षा आजच घेत आहोत, लगेच खाली या. नाहीतर गैरहजर.

वर्ष बुडणार! तिने काठी उचलली.

“आत्या, खाली जायचंय. लवकर.”

“सरळ चला. लिफ्ट तयार आहे.”

ती निघाली.

टक… टक… टक…

मागून आणखी एक काठी वाजत होती.

ती थांबली. मागची काठीही थांबली.

“कोण आहे?”

कोणी नाही. श्वासही नाही…

“दार उघडं आहे,” आत्या म्हणाली. “आत या.”

तिने पाऊल उचललं…

“थांब!”

आवाज मुलाचा होता. फोनमधून नाही, भिंतीतल्या स्पीकरमधून.

“पुढे काही नाही गं.”

तिने काठी पुढे टेकवली.

काठी कशालाच लागली नाही…

खालून गार वारा आला.

“बाळा, हलू नकोस!” म्हणत शिपाईकाका धावत आले. तिला मागे ओढलं. बडबडत होते, “पाहुणे येणार म्हणून दार चमकवायला उघडलं, आणि तसंच टाकून गेले मेले!”

“काका, तुमच्या स्पीकरवर बोलला तो मुलगा कोण?”



“कुठला स्पीकर?”

“हा, भिंतीतला.”

“ते गेल्या वर्षीच काढलेत, बाळा. तो पडला, त्यानंतर.”

गेल्या वर्षी एक मुलगा याच दारातून गेला होता. चौकशी समितीने निष्कर्ष काढला, की विद्यार्थी मोबाईलमध्ये बघत चालला होता.

विद्यार्थी अंध होता.

काकांनी तिला जिन्याने खाली नेलं. परीक्षक घड्याळ बघत बसले होते.

“उशीर झाला.”

“सर, मी मेले असते.”

“मग गैरहजर लिहिलं असतं. आताही तेच लिहितोय.”

भाचीने तक्रार केली. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतली. आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापून आलं: ‘आमची सहायक आता धोक्याची पूर्वसूचनाही देते.’

बिचारा! मेल्यावरही कॉलेजने कामाला लावला.

वर्ष पुन्हा करताना भाची एकदा भरदुपारी मुद्दाम त्या दाराशी गेली. सोबत मी होतो. दाराला कुलूप होतं. भिंतीत स्पीकरच्या जागी नुसतं भोक.

तिने हळूच विचारलं, “तू अजून इथेच का रे?”

मला काही ऐकू आलं नाही. तिला आलं. तिचा चेहरा बदलला.

ती माझा हात धरून जिना उतरली. मग म्हणाली,

“मामा… तो म्हणतो, लिफ्टची वाट बघतोय.”

लिफ्ट अजून आलेली नाही.